राणीला दिलेली सीट

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. नुसती जुनी नाही बरं का, एके काळची बडी गाडी. आता माझ्याखाली चाकं नाहीत. चारी कोपऱ्यांना विटा रचल्यात आणि त्यावर मला टेकवलंय, चुलीवर पातेलं ठेवतात तशी. पुढचे दिवे काढलेत, त्यामुळे तोंडाचं बोळकं झालंय. घरामागच्या मोकळ्या जागेत, पाण्याच्या टाकीला लागून मी उभी असते. चेंडू शोधायला आलेली पोरं माझ्या पोटाखाली वाकून बघतात आणि म्हणतात, "ए, भंगार आहे रे!" म्हणू देत. भंगारालाही तोंड असतं, आणि माझं तर पहिल्यापासून जरा मोठंच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे सगळं सावकाश चालायचं. दारांवरची लाकडी पट्टी एकाच फळीतून कापायचे, का तर डाव्या दाराची नक्षी उजव्याशी जुळली पाहिजे. आणि माझी मागची सीट! तिची काय गोष्ट सांगू. खाली स्प्रिंगा, त्यावर जाड गादी, त्यावर मऊ चामडं. दोन बाया समोरासमोर बसून ते चामडं शिवत होत्या. एक म्हणाली, "ह्याच्यावर बसणाऱ्याला खाली रस्ता आहे हे कळताच कामा नये." दुसरी म्हणाली, "आपल्याला कोण बसवतंय त्यात!" आणि दोघी खो खो हसल्या.

माझा पहिला मालक मोठा साहेब होता. रोज मागे बसायचा, कागदात डोकं खुपसून. आपण सीटवर बसलोय की बाकड्यावर, त्याला पत्ता नसायचा. पण रस्त्यात माझा थाट काय वर्णावा! चौकात शेजारची गाडी अंग चोरून उभी राहायची. ड्रायव्हर दिवसातून तीनदा मला पुसायचा आणि कुणी हात लावला की अंगावर धावून जायचा.

मग साहेबाने नवी गाडी आणली. मी गेले लग्नाला गाड्या भाड्याने देणाऱ्याकडे. त्याने फुलं चिकटवून चिकटवून माझ्या रंगाची वाट लावली. एका वरातीत उन्हात माझं इंजिन तापलं, वाफ निघाली आणि नवरदेव उरलेली वाट चालत गेला. इंजिन बसलं ते बसलंच. बड्या गाडीचं असंच असतं, मित्रांनो. तरुण असते तोवर सगळ्यांना हवी असते. म्हातारी झाली की फुकटातही कुणी घेत नाही, कारण हत्ती विकत घेता येतो, पोसता येत नाही.

मी एका शेडमध्ये धूळ खात पडले होते. तिथे हा आत्ताचा मालक त्याच्या ओळखीच्या गाडी-मिस्त्रीला घेऊन आला. त्याला जुन्या गाड्यांचं वेड. नोकरी साधी, कपडे साधे, पण जुनी बडी गाडी दिसली की डोळे असे चमकायचे, जसं लहान पोराला फुगेवाला दिसावा. तो माझ्याभोवती फिरला. दारं उघडली, मिटली. लाकडी पट्टीवरून बोट फिरवलं. आणि ओरडला, "मिस्त्री, सगळं आहे हो हिच्यात!"

मी हरखून टुम्म झाले. म्हटलं, चला, नशीब उघडलं. हा माणूस आपल्याला पुन्हा रस्त्यावर आणणार.

घरी आणल्यावर कळलं. घरामागच्याच शेडमध्ये, माझ्या जागेपुढे, माझ्याच जातीची, माझ्याच वयाची एक काळी गाडी उभी होती. नाव राणी. मालक तिला तळहाताच्या फोडासारखं जपायचा. आणि मला आणलं होतं तिच्यासाठी. म्हणजे असं, की इतक्या जुन्या गाडीचा एखादा भाग बिघडला तर तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून ह्या शौकीन लोकांची एक रीत आहे. एक गाडी चालवायची, आणि तश्शीच दुसरी घेऊन मागे उभी करायची. पहिलीला काही झालं की दुसरीचं काढायचं आणि तिला लावायचं.

मिस्त्री मोठा बोलघेवडा. मला विटांवर चढवताना म्हणाला, "शेठ, आता तुमचा संसार पुरा झाला. पुढे राणी, मागे दुभती."

तेव्हापासून माझं नाव दुभती पडलं.

आणि राणीची दुखणी काय एक होती? आज काच अडकली, उद्या हॉर्न बसला. सकाळी बघावं तर मागचा भाग जमिनीला टेकलेला, म्हशीने बसकण मारावी तसा. प्रत्येक वेळी मिस्त्री पाना घेऊन माझ्याकडे यायचा. "चल गं, दे थोडं." काचेची मोटर गेली. आरसे गेले. घड्याळ गेलं. चाकं तर पहिल्याच महिन्यात गेली. मी काही रडले नाही. खोटं कशाला बोलू, संध्याकाळी राणी फिरायला निघाली आणि तिचा हॉर्न वाजला, की मला वाटायचं, हा आवाज आपला आहे.

मालक वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवते. सुट्टीच्या दिवशी बनियनवर, हात काळे करून, तो राणीच्या बोनेटखाली असायचा. बायको जेवायला हाका मारून मारून थकायची. शेवटी ती म्हणायची, "ताट तिथेच आणू का? बोनेटवर वाढते." तर हा घाबरून म्हणायचा, "नको नको, रंगाला डाग पडेल!"

मग अप्पा राहायला आले.

अप्पा म्हणजे मालकाचे वडील. सगळी हयात बस चालवली. आता गुडघे गेलेले, कंबर धरलेली. घरात सोफा होता, पण इतका खोल, की अप्पा त्यात बसले की विहिरीत पडल्यासारखे. वर काढायला दोन माणसं लागायची. लाकडी खुर्ची टोचायची. दिवसभर पलंगावर पडावं, तर ते म्हणायचे, "मी काय आजारी आहे का?" त्यामुळे बिचारे ह्या खोलीतून त्या खोलीत नुसते हिंडायचे.

एका सकाळी हिंडत हिंडत ते माझ्यापाशी आले आणि माझं मागचं दार उघडलं. विटांमुळे माझी उंची नेमकी त्यांच्या कमरेला जुळणारी. वाकायला नको, चढायला नको. ते मागे टेकले, एकेक पाय आत घेतला आणि असा लांब श्वास सोडला, की माझ्या स्प्रिंगांना कळलं, हा माणूस किती वर्षांचा दमलाय.

"सूनबाई!" त्यांनी हाक मारली. "अगं, जन्मभर पुढं बसलो. मागं असं असतं होय!"

त्या दिवसापासून ती त्यांची जागा झाली. सकाळचा पेपर माझ्यात, चहा माझ्यात, दुपारची डुलकी माझ्यात. सूनबाई चहा घेऊन यायची आणि काचेतून विचारायची, "अप्पा, आज कुठवर?"

"आज घाट आहे गं. दोन बिस्किटं जास्त दे."

त्यांचे एक दोस्त होते, त्यांच्याच बसवरचे जुने कंडक्टर. ते काठी टेकत यायचे आणि माझ्या टपावर दोनदा टकटक करायचे. "चला, डबल बेल!"

"आधी तिकीट काढ," अप्पा आतून म्हणायचे.

"पास आहे माझा."

"दाखव."

"घरी राहिला."

"मग उतर खाली!"

आणि कंडक्टर उतरायच्या ऐवजी आत शिरून अप्पांच्या शेजारी ऐसपैस बसायचे. मग दोघांच्या गप्पा. कुठल्या गावाला चाक निखळलं, कुठल्या बाईने कोंबडीचं तिकीट काढायला नकार दिला. हसून हसून माझा सांगाडा हलायचा.

आणि आणखी एक गोष्ट झाली. बापलेक एरवी फार बोलणारे नव्हते. बस चालवणारा माणूस घरी असतो कधी? मुलगा उठायच्या आत जायचा, झोपल्यावर यायचा. पण आता मालक राणीच्या पोटाखाली आणि अप्पा माझ्या पोटात, मध्ये चार पावलांची जागा. समोर तोंड नसलं की माणूस मोकळं बोलतो. मालक खालून विचारायचा, "अप्पा, तुम्ही मला एकदा बसमध्ये पुढे बसवून नेलं होतं, आठवतं?" अप्पा म्हणायचे, "आठवतं की. ओकला होतास माझ्या बुटावर." दोघं हसायचे. बसलेल्या इंजिनाची मी, पण त्या दिवसांत मला चालत असल्यासारखं वाटायचं.

दृष्ट लागली म्हणा, नाहीतर काही म्हणा. जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. शौकिनांच्या क्लबातले एक जाणकार राणीला बघायला आले. सगळीकडून न्याहाळलं, मान डोलावली, मालक फुलला. मग त्यांनी राणीच्या मागच्या सीटवर अंगठा दाबला आणि नाक मुरडलं.

"बाकी सगळं कारखान्यातलं आहे. ही मात्र कुणीतरी नंतर भरलेली. रेक्झिन आहे हो हे. अरेरे."

एक 'अरेरे', पण मालकाच्या काळजात काट्यासारखं रुतलं. त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळी तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. आत अप्पा डुलकी काढत होते. तो अप्पांकडे नाही, त्यांच्या खालच्या चामड्याकडे बघत होता.

बायकोने ओळखलं. "तिथं अप्पा बसतात हो."

"अगं, अदलाबदल करतोय. राणीची सीट हिला, हिची राणीला. अप्पांना काय, बसायला सीट असली म्हणजे झालं."

"त्यांना विचारा तरी."

त्याने विचारलं. अप्पा पटकन म्हणाले, "घे की! गाडीची वस्तू गाडीला. मला काय, कुठंही बसेन." असं म्हणताना त्यांचा हात सीटवरून फिरत होता, निघताना गुराच्या पाठीवरून फिरवतात तसा. मालकाने ते पाहिलं नाही. आरशातून दाखवलं असतं, पण माझा आरसा त्याने आधीच काढला होता.

मिस्त्रीने बोल्ट सोडले. माझी सीट सुखरूप निघाली. पण राणीची उचलली, तर खालची फ्रेम गंजून पापड झालेली. हातात तुकडे आले, स्प्रिंगा जमिनीवर गडगडल्या. मला बसवायला काही उरलंच नाही.

"आता अप्पा कुठं बसणार?" मिस्त्रीने विचारलं.

मालकाने गंजलेले तुकडे पायाने बाजूला सारले. मग म्हणाला, "प्रदर्शन होऊ दे. झालं की हिची हिला परत."

दुसऱ्या दिवशी त्याने अप्पांसाठी चांगली, भारीतली घडीची खुर्ची आणली आणि माझ्याशेजारी मांडली. अप्पा बसले. ऊन आलं, खुर्ची सरकवली. वारा आला, पेपर उडाला. कंडक्टर आले, नेहमीसारखी टपावर टकटक केली आणि आत बघितलं, तर नुसता पत्रा.

"काय हो, गाडी रद्द?"

"डेपोत गेलीय," अप्पा म्हणाले.

"कधी येणार?"

"चौकशीच्या खिडकीवर विचार."

हसले दोघं. पण बसायला खुर्ची एकच होती. कंडक्टर थोडा वेळ काठीवर रेलून उभे राहिले आणि "बरंय, येतो" म्हणून गेले. आणखी दोनदा आले, मग येईनासे झाले. अप्पाही घरात गेले, त्या पलंगावर. तेव्हा मात्र त्यांनी "मी काय आजारी आहे का?" असं कुणाला विचारलं नाही.

प्रदर्शन मी डोळ्यांनी पाहिलं नाही, मिस्त्रीने सांगितलं ते ऐकलं. राणीला पहिलं बक्षीस. लोक मागच्या सीटपाशी वाकून वाकून फोटो काढत होते. मालक राणीला घेऊन परतला तेव्हा मला वाटलं, आता बोल्ट सुटतील. पण त्याने काय केलं, तर सीटवर जाड प्लॅस्टिक चढवलं. मिस्त्रीला म्हणाला, "आत्ताच नको काढायला. सारखी काढ-घाल केली तर चामडं चिरेल. अशी सीट आता जगात मिळायची नाही."

मित्रांनो, हीच ती ह्या लोकांची चूक. वस्तूवर प्रेम करता करता, ती कशासाठी केली होती हेच ते विसरतात. बसायची सीट, तिच्यावर कुणी बसायचं नाही!

एकदा अप्पा काठी टेकत राणीपाशी आले. हळूच म्हणाले, "जरा बसू का रे?"

"बसा ना, अप्पा! विचारता काय? थांबा थांबा. मागच्या खिशात काय आहे? किल्ली असेल, ओरखडा उठेल. आणि प्लॅस्टिक राहू द्या हं, वरूनच बसा."

अप्पा बसले. प्लॅस्टिक करकरलं. ते घसरले, सावरले, पुन्हा घसरले. मग काठीचा आधार घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "छान आहे." लोकाच्या घरची वस्तू बघून आपण म्हणतो ना, अगदी तसं.

काही आठवड्यांनी मालकाची थोरली बहीण आली. अप्पांना पलंगाला खिळलेलं पाहून तिचा जीव तुटला. "मी नेते," ती म्हणाली. "माझ्याकडे पुढे व्हरांडा आहे, माणसांची ये-जा आहे." अप्पांची पिशवी भरली गेली. बाहेर टॅक्सी येऊन उभी राहिली.

तेव्हा मालक धावत शेडकडे आला. हाताने टराटरा प्लॅस्टिक फाडलं, राणी बाहेर काढली, दारापुढे आणली आणि मागचं दार सताड उघडलं. "अप्पा, टॅक्सी जाऊ दे. मी सोडतो. आरामात मागे बसा."

अप्पांनी सीटकडे पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं, आणि अगदी मायेने म्हणाले, "नको रे बाळा. सुरकुती पडेल."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, भांडता येतं. पण अप्पा मनापासून बोलले होते. पोराची आवडती वस्तू आपल्यामुळे खराब होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते टॅक्सीत बसले, पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. ताई मागे बसली. टॅक्सी वळून गेली. राणीचं दार तसंच उघडं, आणि मालक ते धरून उभा.

बायको म्हणाली, "चला आत." तो हलला नाही. ती जवळ आली आणि म्हणाली, "त्यांनी एकदाही मागितली नाही हो परत. तुम्हीच द्यायची होती."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला न बोलावता मालकाने स्वतः पाना घेतला. सीट राणीतून काढली आणि मला परत लावली. एकट्याने उचलताना त्याची पाठ भरली, बोट सोलवटलं. बोल्ट घट्ट केले. मग त्याच सीटवर बसून, दार उघडं ठेवून त्याने फोन लावला.

"अप्पा, सीट बसवली परत. तुमच्या जागेवर."

"हो का? बरं केलंस." अप्पांचा आवाज मला ऐकू येत होता, लांबचा आणि बारीक. "राणीचं काय मग?"

"राणीचं जाऊ द्या. तुम्ही या. मी येतो न्यायला."

"येतो की. गुडघा जरा हलका झाला म्हणजे येतो."

"नक्की ना?"

"अरे, येतो म्हटलं ना. तू जेव वेळेवर."

गुडघा काही हलका झाला नाही. म्हाताऱ्या माणसाचा गुडघा आणि जुन्या गाडीचं इंजिन, एकदा बसलं की बसलं. मालक दर सुट्टीला त्यांना भेटायला जातो. तिथल्या पलंगाशेजारी स्टूल आहे, त्यावर बसतो. सूनबाई मला सांगत नाही, पण कपडे वाळत घालताना शेजारणीला सांगते, ते मी ऐकते. "दोघं एकमेकांसमोर बसतात," ती म्हणते, "आणि बोलायला काही सुचत नाही."

राणी शेडमध्येच आहे, मागे रिकामी. मालक तिला आता कुठल्या प्रदर्शनाला नेत नाही. माझ्याकडे मात्र रोज येतो. सीट पुसतो, पेपर ठेवतो आणि जातो. संध्याकाळी तो पेपर घडीसकट परत नेतो.

मित्रांनो, मी काही शिकलेली नाही. वस्तू जपू नका, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? मी स्वतःच एक वस्तू. मला जपलं असतं तर आज मी रस्त्यावर असते. जपाच. तेल द्या, पुसा, उन्हातून सावलीत न्या. पण घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला एखादी जागा आवडली, तर ती जागा फार भारीची आहे असं त्याला सांगू नका. त्याच्याखालून ती काढू नका. आणि काढलीच, तर तो मागेल तेव्हा देऊ असं म्हणू नका. ती माणसं मागत नाहीत.

माझ्या सीटवर अजून एक सुरकुती पडलेली नाही. चामडं मऊ आहे, स्प्रिंगा ठणठणीत आहेत. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा ह्या बाजूने जात असतील आणि त्यांना घटकाभर टेकायचं असेल, तर पाठवा त्यांना. विचारायची गरज नाही. माझ्या दारांची कुलपं केव्हाच काढून राणीला लावलीत, त्यामुळे दार नुसतं ओढलं तरी उघडतं.